इंधन पंखात, इंजिन पंखाखाली. मग पंप कशाला?

विचारलेले प्रश्न थोडक्यात असे: प्रवासी विमानात इंधन पंखांत भरलेलं असतं आणि इंजिनं पंखाखाली टांगलेली असतात, मग ते आपोआप खाली उतरत नाही का, पंप कशाला लागतात? हवेत सगळे पंप बंद पडले तर काय होईल? आणि अडचणीत आलेलं विमान इंधन हवेत सोडून देतं, हे खरं का?

मी विमान देखभालीत आहे. माझं बरंचसं काम मुंबईत, लाइन मेंटेनन्सचं, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात आणि रात्री मुक्कामाला असलेल्या विमानांवर. माझ्या हाताखालून गेलेली विमानं मुख्यतः बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० जातीची, तेव्हा उदाहरणं त्यांचीच देतो. विमान बदललं की टाक्यांची संख्या, पंपांची जागा, वैमानिकाने करायच्या गोष्टी बदलतात. त्यामागचा विचार मात्र सगळीकडे जवळपास सारखाच आहे.

इंधन खाली उतरेल का? उतरेल. पण इंजिनाला ते नुसतं पोहोचून भागत नाही. ७३७ वर असणारं सीएफएम ५६ इंजिन टेकऑफच्या वेळी, म्हणजे धावपट्टीवरून जमीन सोडताना, सेकंदाला सुमारे १.२ किलो इंधन घेतं. त्या वेळी ज्वलनकक्षातली हवा कॉम्प्रेसरने दाबून वातावरणाच्या पंचवीस-तीसपट दाबाला नेलेली असते. त्या दाबाविरुद्ध इंधन आत ढकलायचं आणि तेही २० नॉझलमधून बारीक फवाऱ्याच्या रूपात, तर इंधनाचा दाब त्याहून बराच जास्त हवा. हे काम इंजिनावर बसवलेला गिअर पंप करतो. तो इंजिनाच्याच गिअरबॉक्सवर फिरतो, त्याला विमानाची वीज लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

मग खरा प्रश्न असा उरतो की इंजिनावर एवढा जोरदार पंप असताना टाकीत आणखी पंप कशासाठी? ७३७ मध्ये असे सहा विजेचे पंप असतात, दोन्ही पंखांच्या टाक्यांत दोन-दोन आणि मधल्या टाकीत दोन. आम्ही त्यांना बूस्ट पंप म्हणतो. इंधन लांबून ओढून आणायला ते असावेत, असं बहुतेकांना वाटतं. पण त्यांचं मुख्य काम इंजिनाच्या पंपाच्या तोंडाशी इंधन दाबाखाली ठेवण्याचं आहे. कारण असं: जमिनीवर इंधनात बरीच हवा विरघळलेली असते. विमान ३५,००० फुटांवर गेलं की बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे पावपट उरतो, आणि टाकी हवेला मोकळी असल्याने टाकीतही तेवढाच. सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर जे होतं तेच इथे होतं, विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर यायला लागते. त्यातच इंजिनाचा पंप ओढत असेल तर नळीतला दाब आणखी खाली जातो आणि इंधनाची स्वतःची वाफही होऊ लागते. गिअर पंपाला द्रव ढकलता येतो, बुडबुडे नीट ढकलता येत नाहीत. त्याचा प्रवाह तुटतो आणि दातांची झीज होते. बूस्ट पंप मागून दाब देत राहतो म्हणून हे बुडबुडे धरतच नाहीत.

आता दुसरा प्रश्न, सगळे बूस्ट पंप बंद पडले तर? टाकीत पंपाला वळसा घालून जाणारी एक वाट ठेवलेली असते. तिच्यावरची झडप एकाच दिशेने उघडते. बूस्ट पंपाचा दाब गेला की इंजिनाचा पंप स्वतःच त्या वाटेने इंधन ओढतो. जमिनीजवळ हे व्यवस्थित चालतं. उंचीवर चालेल की नाही ते परिस्थितीवर आहे. विमान नुकतंच भराभर चढलं असेल तर इंधनात हवा भरपूर असते. अशा वेळी थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा विमानाला पुढे ढकलणारा रेटा, कमी होऊ शकतो, इंजिन विझूही शकतं. तेच विमान बराच वेळ उंचीवर उडत असेल तर हवा आधीच निघून गेलेली असते आणि नुसत्या ओढीवर इंजिन तिथेही चालू राहू शकतं. म्हणून ए३२० च्या कार्यपद्धतीत वैमानिकाला या प्रसंगी किती खाली यायचं हे सांगताना, विमान आधी किती वेळ उंचीवर होतं याचा विचार केलेला आहे. सहाही पंप एकदम जाणं फार दुर्मीळ, कारण एकाच टाकीतल्या दोन पंपांना वीजही वेगवेगळ्या बाजूंनी दिलेली असते. एखादा पंप जाणं मात्र नेहमीचं. कॉकपिटमध्ये पिवळा दिवा लागतो, जोडीचा पंप काम चालू ठेवतो आणि विमान खाली उतरलं की तो पंप आमच्याकडे येतो.

पंप बदलायला टाकी रिकामी करावी लागत नाही. पंप एका डब्यात बसवलेला असतो आणि आतला भाग ओढून काढताना डब्याचं टाकीकडचं तोंड झडपेने बंद होतं. तरी डब्यात राहिलेलं इंधन खाली येतंच. हात वर करून काम चालू असतं, त्यामुळे ते मनगटावरून बाहीत शिरतं आणि कोपरापर्यंत पोहोचतं. अंगावर ते गार लागतं आणि कातडी दिवसभर कोरडी राहते. नवीन मुलांना मी आधी मनगटाशी बाही घट्ट बांधायला सांगतो, पाना नंतर हातात देतो.

कोणती टाकी आधी वापरायची, याचंही उत्तर पंपांतच दडलेलं आहे. विमान उडतं तेव्हा पंख वर वाकायला बघतात. पंखातल्या इंधनाचं वजन त्यांना खाली धरून ठेवतं आणि पंखाच्या मुळाशी येणारा ताण कमी करतं. म्हणून मधल्या टाकीतलं इंधन आधी संपवायचं आणि पंखातलं शेवटपर्यंत ठेवायचं. ७३७ मध्ये यासाठी मधल्या टाकीचे पंप जास्त दाबाचे दिले आहेत. सगळे पंप एकदम चालू असले तरी मधल्यांचा दाब वरचढ ठरतो आणि पंखातल्या इंधनाच्या झडपा मिटलेल्या राहतात. मधली टाकी संपून तो दाब पडला की पंखातलं इंधन आपोआप सुरू होतं, कोणी बटण दाबायची गरज नाही. जुन्या ए३२० मध्ये आणखी एक पायरी आहे. पंखाच्या टोकाकडचा कप्पा वेगळा असतो आणि आतल्या कप्प्यात ७५० किलो उरल्यावर मधली झडप उघडून ते इंधन आत येतं.

प्रत्येक इंजिन आपापल्या बाजूच्या टाकीवर चालतं. दोन्ही बाजू जोडणारी क्रॉसफीड झडप असते, पण ती एरवी बंद ठेवतात. ती का जपून उघडायची हे २४ ऑगस्ट २००१ ला सगळ्या जगाने पाहिलं. एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए३३० टोरांटोहून लिस्बनला निघालं होतं. उजवं इंजिन थोड्याच दिवसांपूर्वी बदललं होतं आणि त्यावर एकमेकांशी न जुळणारे भाग बसल्यामुळे हायड्रॉलिकची नळी इंधनाच्या नळीला घासत होती. इंधनाची नळी फुटली आणि समुद्रावर गळती सुरू झाली. वैमानिकांना दोन बाजूंतला फरक दिसला तेव्हा त्यांनी क्रॉसफीड उघडली. त्यामुळे डाव्या टाकीतलं चांगलं इंधनही त्या गळक्या नळीतून बाहेर गेलं. दोन्ही इंजिनं थांबली. त्यानंतर सुमारे १९ मिनिटं तरंगत ते विमान अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर उतरलं आणि ३०६ जणांतलं कोणीही दगावलं नाही. दोन टाक्यांत फरक दिसला तर आधी गळतीची शंका घ्यायची आणि मग क्रॉसफीडकडे वळायचं, हे आज वैमानिकांना आणि आम्हालाही पक्कं शिकवलेलं असतं. इंजिन बदलताना भागांचे क्रमांक दोघांनी स्वतंत्रपणे तपासण्याबद्दल मी आग्रही आहे, तो याच घटनेमुळे.

टाकीतून निघालेलं इंधन आधी स्पार व्हॉल्व्हमधून जातं. ही झडप पंखाच्या कण्यापाशी असते. इंजिनाला आग लागली तर तिथेच इंधन तोडायचं, म्हणून ती थेट बॅटरीवर चालते. बाकीची वीज गेली तरी ती बंद करता येते. पुढे इंजिनावर आधी कमी दाबाचा पंप, मग उष्णता-विनिमयक (इंजिनाच्या गरम तेलाची उष्णता थंड इंधनाला देणारा भाग), फिल्टर, मग तो गिअर पंप आणि शेवटी मापून देणारं यंत्र. ही शेवटची पायरी मला सगळ्यांत आवडते. गिअर पंप इंजिनाच्या वेगाबरोबर फिरतो, त्याला गरज कळत नाही. जमिनीवर आयडलला, म्हणजे नुसतं चालू ठेवलेलं असताना, इंजिन सेकंदाला ०.१ किलोच्या आसपास इंधन मागतं, टेकऑफला त्याच्या दहापटीहून जास्त. पंपाने आणलेल्यातलं हवं तेवढंच पुढे सोडायचं आणि उरलेलं परत पंपाच्या मागे वळवायचं, असं काम हे यंत्र करतं. किती सोडायचं ते इंजिनावरचा संगणक ठरवतो. त्याचे दोन स्वतंत्र चॅनेल असतात आणि इंजिन फिरत असताना तो इंजिनावरच्या छोट्या जनित्रावर चालतो. म्हणजे विमानाची सगळी वीज गेली तरी इंजिन स्वतःचं इंधन स्वतः ओढून, मापून चालू राहू शकतं.

या मापकयंत्रातच इंजिन बंद करणारी दुसरी झडप असते. वैमानिकाने इंधनाचा स्विच कटऑफला नेला की स्पार व्हॉल्व्ह आणि ही झडप, दोन्ही बंद होतात. ७३७ च्या कॉकपिटमध्ये दोन्हींसाठी निळे दिवे आहेत: झडप हलत असताना लख्ख, बंद असताना मंद, उघडी असताना विझलेला. इंजिन सुरू करताना तो लख्ख दिवा विझायला वेळ लागला की आमचं लक्ष तिकडे जातं.

इथे अहमदाबादचा विषय टाळता येणार नाही, तो अनेकांच्या मनात आहे. १२ जून २०२५ च्या बोइंग ७८७ अपघाताच्या प्राथमिक अहवालात नोंद आहे की जमीन सोडल्यानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने रनवरून कटऑफला गेले आणि नंतर परत रनवर आले. ते का झालं याविषयी मी काही लिहिणार नाही. त्या अपघातात २६० माणसं गेली आहेत आणि अंदाज बांधणं त्यांच्या घरच्यांवर अन्याय होईल. यंत्रणेपुरतं सांगतो. झडप मिटली की नॉझलपर्यंतच्या नळ्यांत अगदी थोडं इंधन उरतं, थ्रस्ट लगेच पडतो. परत उघडल्यावर संगणक आपणहून इंजिन पेटवायचा प्रयत्न करतो, पण इंजिनाला पुन्हा पूर्ण वेगात यायला वेळ लागतो. उंचीवर असताना तो वेळ मिळतो. जमीन सोडल्या सोडल्या तो मिळत नाही.

आता पाण्याबद्दल. प्रश्नात ते विचारलेलं नाही, पण इंधनयंत्रणेवरच्या माझ्या कामाचा मोठा हिस्सा पाण्याचाच आहे. इंधन कमी होतं तशी टाकीत हवा यावी लागते. ती पंखाखालच्या एका चपट्या खाचेतून, टोकाच्या व्हेंट टाकीतून येते. जुलैत मुंबईत उतरणारं विमान खाली येताना ही दमट हवा थंडगार टाकीत ओढून घेतं. तिच्यातली वाफ टाकीच्या पत्र्यावर जमते. इंधनात विरघळलेलं पाणीही थंडीत वेगळं होतं. पाणी जड, ते तळाशी जातं. टाकीच्या सगळ्यांत खालच्या जागी निचरा-झडप असते. विमान रात्रभर उभं राहिल्यावर, पाणी खाली बसू देऊन, पहाटे आम्ही ती दाबून काचेच्या बरणीत नमुना काढतो. चांगलं इंधन पाण्यासारखंच स्वच्छ दिसतं, ओळखायचं ते तळाशी वेगळा थेंब दिसतो का यावर. बरणी गोल फिरवली की पाणी मध्यभागी गोळा होतं. शंका असेल तर पाणी ओळखणारी कॅप्सूल वापरतात. तिच्यातला पिवळा कागद पाणी असेल तर हिरवा होतो.

हे पाणी दोन प्रकारे त्रास देतं. इंधन आणि पाणी जिथे भेटतात त्या थरात बुरशी वाढते, तपकिरी बुळबुळीत साय तयार होते. ती फिल्टर बुजवते आणि इंधन मोजणाऱ्या काड्यांवर बसून चुकीचे आकडे दाखवते. मारायला औषध आहे, पण प्रमाण पाळायला हवं. २०२० च्या फेब्रुवारीत गॅटविक विमानतळावरून उडालेल्या एका एअरबस ए३२१ ची दोन्ही इंजिनं उड्डाणानंतर लगेच गडबडली. देखभालीत बुरशीचं औषध सांगितलेल्या प्रमाणाच्या ३८ पट पडलं होतं. विमान परत उतरवता आलं.

दुसरा त्रास बर्फाचा. आपल्याकडचं जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठत नाही. इंधनाचं तापमान गोठणबिंदूच्या तीन अंश वर पोहोचण्याआधीच वैमानिक खाली येतात किंवा वेग वाढवतात. पण पाणी तर शून्यालाच गोठतं. १७ जानेवारी २००८ ला ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ बीजिंगहून हीथ्रोला उतरत असताना दोन्ही इंजिनांनी ऐन वेळी थ्रस्ट वाढवायला नकार दिला आणि ते धावपट्टीच्या अलीकडे आदळलं. इंधन ठरलेल्या गुणवत्तेत होतं. लांबच्या थंड प्रवासात, कमी प्रवाहात, नळ्यांच्या आतून बर्फाचा थर धरला. उतरताना इंजिनांनी जास्त इंधन मागितलं तेव्हा तो सुटला आणि उष्णता-विनिमयकाच्या तोंडावर अडकला. तिथल्या बारीक नळ्यांची टोकं पृष्ठभागाच्या वर आलेली होती, त्यांनी बर्फ धरून ठेवला. पुढे रोल्स-रॉइसने ती टोकं सपाट केली. १५२ जण होते, सगळे वाचले.

मोजणीबद्दल थोडक्यात. पुरवठादार इंधन लिटरमध्ये देतो, विमानाला ते किलोत लागतं, कारण इंजिनाला उष्णता वस्तुमानातून मिळते आणि लिटरभर इंधनाचं वजन तापमानाबरोबर बदलतं. १०,००० लिटर इंधन ०.७९ घनतेला ७,९०० किलो भरतं. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या ७६७ चं इंधन मोजणारं यंत्र बंद होतं. काड्यांनी मोजून हिशेब करताना किलोचा नव्हे तर पौंडाचा गुणक वापरला गेला. २२,३०० किलो हवे असताना टाकीत त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. ते विमान गिमली इथे तरंगत उतरलं. म्हणून भरल्यानंतर पावतीवरचे लिटर गुणिले घनता आणि विमानाने दाखवलेली वाढ, हे दोन आकडे मी दर वेळी कागदावर जुळवतो. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर विमान थांबतं, कितीही उशीर होवो.

रिकाम्या टाकीची भीती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त असते. १७ जुलै १९९६ ला न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं फ्लाइट ८००, एक बोइंग ७४७, हवेत फुटलं, २३० जण गेले. मधल्या, जवळजवळ रिकाम्या टाकीतली इंधनाची वाफ खालच्या वातानुकूलन यंत्रांच्या उष्णतेने तापली होती. उन्हाळ्यात नागपूरला तासभर उभ्या राहिलेल्या विमानात परिस्थिती याच दिशेने जाते. आता टाकीत नायट्रोजनने भरपूर असलेली हवा सोडून ऑक्सिजन कमी ठेवणारी यंत्रणा असते, आणि मधली टाकी कोरडी पडली की ७३७ चे पंप आपोआप बंद होतात.

आता शेवटचा प्रश्न, इंधन हवेत सोडण्याचा. ७४७ किंवा ७७७ सारख्या मोठ्या विमानांना ती सोय असते. पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडे नळ्या असतात. टाकीत ठरावीक पातळीखालचं इंधन सोडताच येऊ नये, अशी रचना केलेली असते. पुरेशा उंचीवरून सोडलं तर त्यातलं बहुतेक जमिनीवर पोहोचण्याआधी वाफ होऊन जातं. ७३७ आणि ए३२० ना ही सोयच नाही, कारण जास्त वजनातही त्यांना एका इंजिनावर पुरेसं वर चढता येतं. मुंबईहून दिल्लीला निघालेलं ए३२० लगेच परतलं तर ते घिरट्या घालून इंधन जाळतं, नाहीतर घाई असेल तर जास्त वजनानेच उतरतं. मग वैमानिक उतरतानाचं वजन आणि खाली येण्याचा वेग लॉगबुकात लिहितात. आम्ही चाकांचे खांब, पंख आणि धड यांचे जोड, टायर, ब्रेक तपासतो आणि पंखाच्या खालच्या बाजूला टॉर्च धरून टाकीच्या झाकणांभोवती कुठे ओल आली आहे का ते पाहतो.